फ्रेड हॉलोज
फ्रेडरिक कॉसम हॉलोज (९ एप्रिल १९२९ – १० फेब्रुवारी १९९३) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले डोळ्यांचे सर्जन. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमधल्या खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, शोधून काढायची देशभरची मोहीम त्यांनी चालवली आणि पुढे आफ्रिकेतला एरिट्रिया, नेपाळसारख्या गरीब देशांत मोतीबिंदूसाठीच्या लेन्स तिथेच बनाव्यात म्हणून शेवटपर्यंत धडपडले. त्यांची ओळख मोठा सर्जन अशी करून देतात ते बरोबरच आहे, पण ऑपरेशनच्या आधी ते माणसं मोजायचे, कुणाची दृष्टी गेलीय, किती जणांची, कुठल्या गावात, आणि ही गोष्ट कळल्याशिवाय त्यांचं बाकीचं काम नीट कळत नाही.

जन्म डनेडिनचा. आधी पाद्री व्हायचं ठरवून धर्मशिक्षण सुरू केलं होतं, पण सुट्टीत एका मनोरुग्णालयात काम केलं आणि तो विचार मागे पडला, मग डनेडिनलाच ओटागो मेडिकल स्कूलमध्ये डॉक्टरकी केली. गिर्यारोहणाचा जबरदस्त नाद, आणि राजकारणाने डावे, काही वर्षं तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही होते. १९६१ मध्ये ते डोळ्यांचं पुढचं शिक्षण घ्यायला लंडनच्या मूरफील्ड्स आय हॉस्पिटलला गेले.

तिथून वेल्स. आर्ची कॉक्रन या डॉक्टरांनी तिथे रोगांच्या पाहणीची एक कडक पद्धत बसवली होती, की दवाखान्यात चालत येणारे पेशंट मोजून काही कळत नाही, अख्ख्या गावातलं प्रत्येक माणूस तपासायचं, जो येत नाही त्याच्या घरी जायचं. हॉलोज आणि पीटर ग्रॅहम यांनी ऱ्होंडा खोऱ्यातल्या फर्नडेल या कोळसा खाणीच्या गावात चाळिशीच्या पुढच्या ४,००० हून जास्त लोकांचे डोळे तपासले आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. तोवर डोळ्यातलं प्रेशर वाढलं की काचबिंदू असा सरळ हिशोब होता. या पाहणीत दिसलं की प्रेशर जास्त असलेल्या बहुतेकांना काचबिंदू नाहीच, आणि काचबिंदू झालेल्या कितीतरी जणांचं प्रेशर नॉर्मल. काचबिंदूच्या अभ्यासात ही पाहणी आजही महत्त्वाची मानतात.

१९६५ मध्ये ते सिडनीला आले, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर म्हणून, आणि प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलच्या नेत्रविभागाचं काम १९९२ पर्यंत बघत होते. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मात्र त्यांनी १९८९ मध्ये घेतलं, म्हणजे ज्या कामामुळे तो देश त्यांना ओळखतो त्यातलं बरंचसं त्यांनी न्यूझीलंडचे नागरिक म्हणूनच केलं.

१९६८ मध्ये ते नॉर्दर्न टेरिटरीतल्या वॅटी क्रीकला गेले. गुरिंजी या मूळ रहिवासी लोकांनी १९६६ मध्ये वेव्ह हिल या गुरांच्या मोठ्या रँचवरचं काम सोडून संप केला होता आणि आता ते आपल्या जमिनीच्या हक्कासाठी तिथे तळ ठोकून बसले होते. हॉलोज यांनी तिथे डोळे तपासले तर मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत खुपऱ्याच खुपऱ्या. हा क्लॅमिडियाच्या जंतूंमुळे होणारा रोग, हाताबोटांवरून, कपड्यांवरून, माश्यांमुळे पसरतो, लहानपणी पुन्हा पुन्हा होत राहतो, पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडत जातात आणि पुढे पापणी आत वळून केस बुबुळावर घासायला लागतात, प्रत्येक वेळी डोळा मिटला की ओरखडा, असं वर्षानुवर्षं चालून बुबुळ पांढरं पडतं आणि माणूस आंधळा होतो. पुरेसं पाणी, स्वच्छ चेहरे आणि बऱ्यापैकी घरं मिळाली की हा रोग ओसरतो, आणि म्हणूनच एका श्रीमंत देशात तो फक्त एका समाजात शिल्लक राहावा याचा हॉलोज यांना प्रचंड राग आला. तो राग त्यांनी कधी लपवला नाही, भाषा तर फारच रांगडी होती. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात अ‍ॅबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस उभी राहिली तेव्हा मूळ रहिवासी कार्यकर्त्यांबरोबर तेही होते.

मग आली राष्ट्रीय ट्रॅकोमा आणि नेत्र आरोग्य मोहीम, १९७६ ते १९७८. पैसा केंद्र सरकारचा, आयोजन नेत्रतज्ज्ञांच्या व्यावसायिक संस्थेचं, डायरेक्टर हॉलोज. पद्धत वेल्समध्ये शिकलेलीच, फक्त खाणीच्या एका गावाच्या जागी आता अख्खं खंड. डॉक्टर, ऑर्थोप्टिस्ट (डोळ्यांची हालचाल आणि तिरळेपणा तपासणारे), मूळ रहिवासी समाजातले कार्यकर्ते अशा टीम गाड्या घेऊन निघायच्या, वस्तीवर तळ टाकायच्या आणि सगळ्यांचे डोळे बघायच्या. आधी वस्तीतल्याच माणसाने जाऊन लोकांशी बोलायचं, त्यांची तयारी असेल तरच डॉक्टर येणार, आणि मोहीम चालली ती यामुळेच असं म्हणायला हरकत नाही. ४५० हून जास्त वस्त्या झाल्या, ६०,००० हून जास्त मूळ रहिवासी तपासले गेले, सुमारे २७,००० जणांना खुपऱ्यांवर उपचार मिळाले आणि १,००० च्या आसपास ऑपरेशनं झाली. या मोहिमेत ऑर्थोप्टिस्ट असलेल्या गॅबी यांच्याशी त्यांनी १९८० मध्ये लग्न केलं.

१९८५ मध्ये सरकारने ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा राष्ट्रीय सन्मान देऊ केला तो त्यांनी नाकारला, कारण मूळ रहिवाशांच्या डोळ्यांसाठी सरकार पुरेसं करत नाही. १९९० मध्ये ते ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाले आणि १९९१ मध्ये त्याच ऑर्डरचा वरचा किताब स्वीकारला. १९९२ मध्ये एड्सच्या प्रतिबंधाबद्दल जे बोलले त्यावरून मोठा वाद झाला, समलैंगिक समाजातून जोरदार टीका झाली, हेही त्यांच्या चरित्राचा भाग आहे.

मोतीबिंदूचं काम याच्या पुढचं. डोळ्यातलं धुरकट झालेलं भिंग नुसतं काढलं तर पेशंटला जाड भिंगाचा चष्मा लागतो, आणि खेड्यात तो फुटला की माणूस पुन्हा जवळपास आंधळा. डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवणं हा खरा उपाय, पण तेव्हा त्या लेन्स गरीब देशांना न परवडणाऱ्या किमतीच्या होत्या. १९८७ मध्ये हॉलोज एरिट्रियात गेले. इथिओपियाशी स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि बॉम्बच्या भीतीने डोंगरात लपवलेल्या हॉस्पिटलांत लढवय्यांचे डॉक्टर ऑपरेशनं करत होते, औषधाच्या गोळ्या आणि सलाइनसुद्धा तिथेच बनवत होते. ज्यांना हे जमतं त्यांना लेन्स बनवणंही जमेल, हे त्यांच्या मनाने तिथेच घेतलं. नेपाळमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांची डॉ. सांदुक रुइत यांच्याशी गाठ पडली होती, रुइत पुढे सिडनीला येऊन त्यांच्याकडे शिकले आणि परत जाऊन लहान छेदाचं, टाके न घालता करायचं स्वस्त ऑपरेशन त्यांनी नेपाळच्या खेड्यापाड्यांत नेलं.

१९८९ मध्ये किडनीचा कॅन्सर निघाला आणि तो पसरला होता. १९९२ मध्ये त्यांच्या नावाची संस्था घरातूनच सुरू झाली आणि त्याच वर्षी ते हॉस्पिटलमधून स्वतःच डिस्चार्ज घेऊन व्हिएतनामला गेले, कारण तिथल्या डॉक्टरांना लेन्स बसवायला शिकवायचा शब्द दिला होता. १० फेब्रुवारी १९९३ ला सिडनीत वारले. दफन मात्र जवळपास ८०० किलोमीटर आत, बर्क गावात केलं, कारण १९७० च्या दशकात तिथे त्यांनी बरंच काम केलं होतं आणि तशी त्यांचीच इच्छा होती.

लेन्सचे कारखाने त्यांना बघायला मिळाले नाहीत. एरिट्रियाच्या अस्मारामधला १९९४ मध्ये चालू झाला, त्यानंतर काठमांडूला रुइत यांच्या तिलगंगा केंद्रातला, आणि लेन्सची किंमत दहा डॉलरच्या आत आली.