धुक्यातला दिवा आणि उजेडातला चेंडू

व्हेक्टर चित्रं शिकायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यातच एक चेंडू काढतो. वर्तुळ काढायचं, त्यात मध्यापासून कडेपर्यंत पसरणारा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्या रंगात जाणारा भराव, भरायचा, मध्ये पांढरा, कडेला काळा. मीही तेच केलं. पडद्यावर जे उमटलं ते दाट धुक्यात लावलेल्या दिव्यासारखं होतं. मग काळ्याऐवजी करडा घेऊन पाहिला, वर्तुळ मोठं केलं, मधला पांढरा सरकवला. दिवा मंद झाला, पण चेंडू काही दिसेना. हात बसला की जमेल, अशी माझी समजूत होती.

मग एकदा इंकस्केपबरोबर येणाऱ्या नमुना फायली चाळत होतो. इंकस्केप हे २००३ साली सुरू झालेलं, मोफत मिळणारं व्हेक्टर सॉफ्टवेअर. त्याच्या नमुन्यांत चकचकीत मोटारींची चित्रं आहेत, इतकी हुबेहूब की आधी फोटोच वाटतात. ती पाहिली आणि इतरांच्या फायली उघडून बघायचा नादच लागला. अशाच एका फायलीत एक साधा गोळा सापडला आणि तो खरंच गोल दिसत होता. त्याचा ग्रेडियंट उघडला. ग्रेडियंटमध्ये ज्या जागी रंग ठरवून दिलेला असतो, तिला स्टॉप म्हणतात. माझ्या चेंडूला दोन स्टॉप होते, याला सहा. त्यातले बरेचसे अगदी कडेला खेटून बसलेले. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपर्यंत रंग जवळजवळ हललाच नव्हता.

हे असं का, याचं उत्तर अडीचशे वर्षांहून जुनं आहे आणि ते मला फार आवडतं.

त्याआधी व्हेक्टर म्हणजे काय, हे थोडक्यात. फोटोत रंगीत ठिपके साठवलेले असतात, व्हेक्टर चित्रात सूचना. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा, आत हा रंग. त्या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. रेनॉ कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांनी १९६०च्या दशकात मोटारींच्या पत्र्याचे आकार आखायला त्या वापरल्या. त्याच्या थोडंसं आधी, १९५९मध्ये, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनीही तेच गणित शोधलं होतं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. एसव्हीजी हा व्हेक्टर फाईलचा आजचा खुला प्रकार २००१ साली प्रमाणित झाला. ती फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येतो. चित्रकाराने कुठे कोणता रंग ठेवला, किती पुसट केला, सगळे आकडे समोर. कॅनव्हासवरचं चित्र आपली रहस्यं इतक्या सहज सांगत नाही.

आता मूळ मुद्दा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च घ्या आणि कागदावर सरळ समोरून मारा. गोल कवडसा पडेल. आता कागद हळूहळू तिरपा करा. कवडसा लांबत जाईल आणि फिकाही होईल. टॉर्चमधून येणारा उजेड तेवढाच आहे, पण तो आता जास्त जागेवर पसरलाय. कागद ६० अंशांनी तिरपा केला की तोच उजेड दुप्पट जागेवर पसरतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी निम्माच पोचतो. योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी १७६० साली हे नियमात मांडलं: पृष्ठभागाला मिळणारा उजेड हा त्याच्या तिरपेपणाच्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. शाळेतला कॉस थीटा. त्रिकोणाची उंची काढून झाल्यावर आपण ज्याला विसरून जातो, तोच प्रत्येक खडबडीत वस्तूवर उजेड वाटत बसलेला असतो.

हा नियम चेंडूला लावू. उजेड आपल्या पाठीमागून, सरळ चेंडूवर येतोय असं धरा. चेंडूचा मधला भाग थेट आपल्याकडे तोंड करून आहे, म्हणजे तिरपेपणा शून्य, उजेड पूर्ण. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर गेलो की पृष्ठभाग किती तिरपा होतो? फक्त ३० अंश. कॉस ३० म्हणजे ०.८७. अर्धं अंतर कापलं तरी ८७ टक्के उजेड शिल्लक! उजेड निम्म्यावर यायला ६० अंशांचा तिरपेपणा लागतो आणि तो येतो ८७ टक्के त्रिज्येवर. ९७ टक्क्यांवर पृष्ठभाग ७५ अंश तिरपा, उजेड २६ टक्के. उरलेल्या तीन टक्क्यांत तो थेट शून्यावर. डोंगरावरचं पठार असावं तसा उजेड बराच वेळ सपाट चालतो आणि कडेला येऊन कड्यावरून खाली कोसळतो. तो गोळा काढणाऱ्याने स्टॉप कडेला का गोळा केले होते, ते आता कळतं.

इथे आणखी एक गुंता आहे. जरा किचकट आहे, पण तो सोडवल्याशिवाय आकडे बरोबर येत नाहीत. संगणकात करड्या रंगाला ० ते २५५ असा आकडा देतात. १२८ म्हणजे निम्मा उजेड, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. आपला डोळा अंधारातले बारीक फरक चांगले ओळखतो, लख्ख उजेडातले तितके नाही. त्यामुळे पडद्याचे आकडे मुद्दाम वाकवलेले असतात, जेणेकरून अंधाऱ्या छटांना जास्त आकडे मिळावेत. या वाकवण्याला गॅमा म्हणतात. परिणाम असा, की १२८ या आकड्याला पडदा फक्त २२ टक्के उजेड देतो. निम्म्या उजेडासाठी १८८ लिहावे लागतात.

माझा धुक्यातला दिवा इथे सापडला. ग्रेडियंट आकड्यांची सरासरी काढतो, उजेडाची नाही. २५५ आणि ० यांच्या मधोमध त्याने १२८ ठेवले, म्हणजे अर्ध्या त्रिज्येवर २२ टक्के उजेड. खऱ्या चेंडूवर तिथे ८७ टक्के असतो. चौपट चूक!

म्हणून चेंडूसाठी हे स्टॉप घालून बघा: मध्यावर २५५, ५० टक्क्यांवर २३९, ८७ टक्क्यांवर १८८, ९७ टक्क्यांवर १३९ आणि अगदी कडेला ०. रंग बदलायची गरज नाही, ब्लरही नको. एवढं केलं की वर्तुळ फुगून पुढे येतं. मी पहिल्यांदा हे आकडे भरले तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो होतो.

मग मात्र नीट निरखल्यावर आणखी काहीतरी खटकलं. ८७ टक्क्यांवर एक बारीक उजळ कडं दिसत होतं. ड्रॉपरने रंग तपासला, तर तिथे उजळ असं काहीच नाही. हे कडं फाईलमध्ये नव्हतंच, ते माझ्या डोळ्यात होतं. जिथे उजेडाचा उतार एकदम बदलतो, तिथे डोळा आपल्या पदरची रेघ ओढतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ साली या पट्ट्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माखचे पट्टे म्हणतात. नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं, की डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यामुळे कडा आहेत त्यापेक्षा ठळक होतात. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यात ही दाबादाबी हाल्डन केफर हार्टलाइन यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवली. दृष्टीवरच्या संशोधनासाठी त्यांना १९६७चं नोबेल मिळालं. चित्र काढणाऱ्याला यातून घ्यायचं ते इतकंच, की दोन स्टॉपमधला उतार अचानक मोडू देऊ नका. मध्ये एखाददुसरा स्टॉप वाढवा. त्या नमुन्यात सहा स्टॉप होते, ते याचसाठी असावेत.

आपण रंग मोजत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो, याचा सर्वांत धक्कादायक पुरावा एडवर्ड एडेलसन यांनी १९९५ साली दिला. बुद्धिबळाच्या पटावर एका नळकांड्याची सावली पडलीय. सावलीबाहेरचं एक काळं घर आणि सावलीतलं एक पांढरं घर, दोन्ही तंतोतंत एकाच करड्या रंगाची. मोजून पाहिलं तरी विश्वास बसत नाही. म्हणून नमुना फाईल अभ्यासताना डोळ्यावर विसंबू नये, वस्तू निवडून भरलेल्या रंगाचा आकडा वाचावा. सावलीतला ‘पांढरा’ शर्ट किती गडद भरलेला असतो, ते पाहून पहिल्यांदा दचकायलाच होतं.

फाईल वाचायची माझी पद्धत सांगतो. आधी चित्र आउटलाइनमध्ये टाकायचं. इंकस्केपमध्ये कंट्रोल धरून कीपॅडवरचा ५ दाबला की दृश्य बदलत जातं, एका टप्प्याला सगळे रंग उडतात आणि फक्त रेषांचा सांगाडा उरतो. मग रंगीत दृश्यात परत येऊन टॅब दाबत जायचं. प्रत्येक वेळी खालून वर पुढची वस्तू निवडली जाते. ती पुसायची, चित्रातून काय गेलं ते बघायचं आणि पूर्ववत करायची. एका मोटारीच्या बंपरवर मी असा एक संबंध तास घालवला. क्रोमला कोसाइनचा नियम लागू होत नाही, कारण तो उजेड पसरवत नाही, आरशासारखा परतवतो. त्यामुळे तिथे ग्रेडियंट फार कमी होते. वर आकाशाचा फिका पट्टा, मध्ये क्षितिजाची जवळजवळ काळी, धारदार रेघ, खाली जमिनीचा मातकट रंग. काळी रेघ पुसली की धातूचं प्लॅस्टिक झालं. परत आणली की धातू!

पडलेल्या सावलीचंही असंच. सूर्य बिंदू नाही, आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. म्हणून सावलीच्या कडेला उपच्छायेची एक पुसट पट्टी असते, आणि सावली पाडणारी कड सावलीपासून जितकी दूर, त्या अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतकी ती रुंद. वस्तू १० सेंटीमीटर दूर, तर पट्टी जेमतेम एक मिलिमीटर. एक मीटर दूर, तर नऊ. उन्हात पेन्सिल उभी धरून बघा: बुडाशी सावली सुरीने कापल्यासारखी, टोकाशी मात्र मऊ. बहुतेक नवशिके सगळ्या सावलीला एकच ब्लर देतात आणि ती कापून चिकटवल्यासारखी दिसते. चांगल्या फायलींत सावलीचे दोन-तीन तुकडे सापडतात. वस्तूला टेकलेला तुकडा गडद आणि धारदार, लांबचा फिका आणि जास्त पुसट. उघड्यावरच्या सावलीत काळा रंग सहसा नसतोच. तिथे सूर्य पोचत नाही, पण निळं आकाश पोचतं, म्हणून ती निळसर असते.

उजेड कुठून येतो याबद्दल मेंदूची स्वतःची एक ठाम समजूत आहे: वरून. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या छटा भरलेल्या वर्तुळांवर हे दाखवून दिलं. वर उजळ, खाली गडद असलेलं वर्तुळ फुगवटा वाटतं, तेच उलटं केलं की खड्डा. बटणाचं चित्र काढताना ग्रेडियंट उलटा भरला गेला, तर बटण आत दबलेलं दिसतं ते यामुळेच.

या समजुतीतून लोक कुठवर जातात, त्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. व्हायकिंग १ या यानाने जुलै १९७६मध्ये मंगळावरच्या सायडोनिया भागाचा फोटो पाठवला. सूर्य खाली होता, टेकडीच्या एका बाजूला गडद सावली होती आणि त्यातून माणसाचा चेहरा दिसत होता. परग्रहवासीयांनी कोरलेला चेहरा म्हणून त्यावर वर्षानुवर्षं पुस्तकं खपली. मार्स ग्लोबल सर्व्हेयरने १९९८ आणि २००१ मध्ये जास्त स्पष्ट फोटो काढले, वेगळ्या कोनातून आलेल्या उजेडात. दिसली ती एक झिजलेली टेकडी. ज्याने चार दिवस ग्रेडियंट भरलेत, त्याला असल्या चेहऱ्यांची भुरळ पडू नये.

अशीच भुरळ ‘एका क्लिकमध्ये फोटोचं व्हेक्टर’ या जाहिरातींचीही पडते. स्वयंचलित ट्रेसिंग सारख्या रंगाचे भाग शोधून त्यांना सीमा आखतं, ते उपयोगी आहे, मी वापरतोही. पण त्या फायलीत सावली, वस्तू आणि प्रतिबिंब यांतला फरक नसतो, हजारो नोड, म्हणजे रेषांवरचे बिंदू, असतात आणि त्यातला एकही उजेडाच्या दिशेबद्दल काही सांगत नाही. शिकण्यासाठी ती फाईल उघडली तर हाती काही लागत नाही.

वरचे आकडे जिथे लागू पडत नाहीत, असा एक गोळा आपल्या डोक्यावरच आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्याचा उजेड जवळजवळ आपल्या पाठीमागूनच येतो, म्हणजे अगदी आपल्या चेंडूसारखा. लाम्बर्टच्या नियमाने तो कडेला काळवंडायला हवा. प्रत्यक्षात तो मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ दिसतो, थाळीसारखा सपाट. चंद्राची धूळ खरखरीत, भुसभुशीत आहे आणि ती उजेड जिकडून आला तिकडेच जास्त परतवते. शिवाय सूर्य नेमका आपल्या मागे असल्यामुळे त्या कणांच्या सावल्या त्यांच्याच आड लपतात. तेव्हा पौर्णिमेचा चंद्र काढायचा असेल, तर हे स्टॉप पुसून टाका. एकच फिका रंग सपाट भरा आणि त्यावर डाग काढा.