स्क्रीनवरचं पाणी

मे महिन्यात सोलापुरात जलरंगांनी आकाश रंगवायचं म्हणजे उन्हाशी शर्यत. कागदाच्या वरच्या कडेला निळ्याची ओली पट्टी द्यायची आणि ती वाळायच्या आत कुंचल्याने खाली ओढत न्यायची. याला वॉश म्हणतात. पण पारा ४२ अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत असली की कुंचला पाण्यात बुडवून परत येईपर्यंत मागची ओळ वाळलेली असते, आणि आभाळभर पट्टे उमटतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेआधी मी पंखा बंद करून, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सराव करायचो. रंग कागदावर कुठे थांबेल हे माझ्या हातापेक्षा हवा जास्त ठरवते, हे तेव्हा कळलं.

यंदा संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या भाचीने तळ्याच्या काठावरून सिद्धेश्वर मंदिराचा सकाळचा फोटो काढला. मोबाइलमधल्या एका ॲपवर बोट ठेवलं आणि मला दाखवलं. "मामा, बघा की ओ, वॉटरकलर झालं!" चित्र छान होतं. रंग फिके, आकार मऊ. तरी काहीतरी खटकत होतं, आणि काय ते मला लगेच सांगता येईना. दोन दिवसांनी लक्षात आलं. त्या चित्रात पाणी कुठून कुठे गेलं याची एकही खूण नव्हती.

असं का होतं हे समजायला आधी संगणक चित्र कसं बघतो ते पाहू. सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. जॅकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकटीत एकच निर्णय असतो, इथे कोणता धागा वर येणार. म्हणून जुन्या चादरीवरच्या मोराची मान जवळून पाहिली तर ती वळत नाही, पायऱ्या उतरते. संगणकातलं चित्रही असंच चौकटींचं असतं, फक्त चौकटी (त्यांना पिक्सेल म्हणतात) लाखोंनी असतात आणि प्रत्येकीत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे तीन आकडे असतात, ० ते २५५ यांच्या दरम्यान. फिल्टर म्हणजे या आकड्यांवर चालवलेला हिशेब.

फोटोला रंगवल्यासारखं रूप देणारी एक जुनी युक्ती जपानी संशोधक मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आहे. १९७६ साली त्यांनी ती मांडली ती हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी, चित्रकलेसाठी नव्हे. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, कोपऱ्यात धरून त्याच्याभोवती चार चौकोन कल्पायचे. ज्या चौकोनात रंगांचा चढउतार सर्वांत कमी, त्याची सरासरी त्या ठिपक्याला द्यायची. शिखर आणि आकाश यांच्या सीमेवर जो चौकोन दोन्हीकडे पाय ठेवून उभा असेल त्यात चढउतार जास्त असतो, म्हणून तो आपोआप बाद होतो. त्यामुळे बारीकसारीक तपशील विरघळतात, पण कड शाबूत राहते. पानं, दगड, माणसं सपाट रंगांचे तुकडे होतात, आणि डोळ्याला ते कुंचल्याचे फटकारे वाटतात. हल्लीची काही ॲप असंख्य चित्रांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांतून शिकणारा संगणकी हिशेब, वापरतात आणि त्यांचं काम याहून सफाईदार असतं. पण तेही पाण्याचा माग काढत नाहीत, पाण्याने केलेल्या चित्रांच्या दिसण्याची नक्कल करतात.

आता खरं पाणी. टेबलावर चहाचा थेंब सांडून वाळू द्या. डाग मधे फिका असतो आणि कडेला गडद कडं पडलेलं असतं. असं का, याचं नेमकं उत्तर १९९७ साली रॉबर्ट डीगन आणि शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला अडकून बसते, ती आत सरकत नाही. बाष्पीभवन कडेला सर्वांत वेगाने होतं. तिथलं पाणी उडालं की ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं, आणि जाताना चहाचे कण सोबत नेतं. पाणी उडून जातं, कण कडेवर जमतात. जलरंगात पाकळीभोवती जी नाजूक गडद रेघ दिसते, ती बहुतेक वेळा कुणी काढलेली नसते. ती अशीच आलेली असते.

त्याच वर्षी, १९९७ मध्येच, कॅसिडी कर्टिस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी संगणक चित्रणाच्या सिग्राफ परिषदेत जलरंगाची नक्कल मांडली. मला हा योगायोग फार आवडतो. एकीकडे थेंब जसा वाळतो तसा का वाळतो याचा शोध, आणि दुसरीकडे तो संगणकात वाळवण्याचा प्रयत्न. या मंडळींनी कागद तीन थरांचा मानला. सगळ्यात वर वाहणारं उथळ पाणी. त्याखाली कागदावर रंगद्रव्य बसतं आणि परत उठतं तो थर. आणि सगळ्यात आत, कागदाच्या तंतूंमधून पाणी झिरपतं तो थर. हा तिसरा थर आपल्या टर्किश टॉवेलसारखा. टॉवेलचं एक टोक बादलीत सोडलं तर पाणी धाग्याधाग्यातून वर चढत जातं आणि बादलीबाहेरचा भागही ओला होतो. ओल्या रंगाचा डाग तुम्ही न लावलेल्या जागी पसरतो तो याच केशाकर्षणाने. तिन्ही थरांचा हिशेब चौकटीगणिक, क्षणाक्षणाला करायचा. तेव्हाच्या संगणकांना एका चित्रासाठी कित्येक तास लागत. आज रेबेल, फ्रेस्कोसारखी सॉफ्टवेअर ओला रंग डोळ्यांदेखत पसरवून दाखवतात.

रंगद्रव्याचा स्वभाव हा आणखी एक विषय. जलरंग म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा गम अरेबिक, म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोत्रातल्या झाडाचा डिंक. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, म्हणून त्याचं आभाळ रवाळ दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये हेच करायला कागदाचा उंचसखलपणा एका करड्या चित्रात साठवतात आणि खळगा जितका खोल तितका रंग जास्त टाकतात.

आणि प्रकाश. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. पोस्टर कलर कागद झाकतो. जलरंग झाकत नाही. प्रकाश रंगातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो. म्हणून जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद, आणि एकदा झाकलेला पांढरा पुरता परत मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांत, म्हणजे लेअरमध्ये, रंगवता येतं, आणि याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे लेअरची मल्टिप्लाय पद्धत. खालचा थर ८० टक्के प्रकाश परत देतो, वरचा ५० टक्के, तर दोन्ही मिळून ४० टक्के. साधा गुणाकार. साध्या, म्हणजे नॉर्मल पद्धतीत मात्र वरचा रंग खालच्यावर अपारदर्शक बसतो, आणि त्याची अपारदर्शकता कमी केली तरी तो वरून धूळ बसल्यासारखा दिसतो.

गुणाकारही सगळीकडे पुरत नाही. कागदावर निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो हे शाळेतल्या मुलाला माहीत असतं. संगणकात शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली तर करडा येतो, आणि गुणाकार केला तर काळा. कारण खरं निळं रंगद्रव्य थोडा हिरवा प्रकाशही परत देतं आणि पिवळंही देतं. दोघं मिळून बाकीचा प्रकाश खातात आणि हिरवा तेवढा उरतो. स्क्रीनच्या तीन आकड्यांत ही माहितीच नसते. पॉल कुबेल्का आणि फ्रान्ट्झ मुंक यांनी १९३१ साली रंगाच्या थरासाठी जी समीकरणं दिली, त्यात प्रत्येक रंगद्रव्य प्रकाश किती शोषतं आणि किती विखुरतं याचा हिशेब असतो. कर्टिस मंडळींनी तीच वापरली, आणि हिरवा नीट देणारी आजची सॉफ्टवेअरही त्याच वाटेने जातात.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची परत आली तेव्हा आम्ही तोच फोटो घेऊन बसलो. गिम्प हे चित्रांवर काम करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. आधी मीडियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर देऊन तपशील विरघळवले. मग मी तिला अर्धा तास काहीच करू दिलं नाही, फक्त विचारलं, पांढरं काय सोडायचं? तळ्यावरची चमक आणि शिखराची उन्हाकडची बाजू, एवढं तिने ठरवलं. त्या जागा लेअर मास्क, म्हणजे लेअरचा हवा तो भाग लपवणारा पडदा, लावून कोऱ्या ठेवल्या. नंतर आकाश, पाणी, मंदिर आणि झाडं असे चार वेगळे लेअर, सगळे मल्टिप्लायवर, फिक्यापासून गडदाकडे. कागदावर जो क्रम, तोच इथे.

कडेची गडद रेघ आणायला मंदिराच्या लेअरची प्रत घेतली, आकाराची निवड काही पिक्सेल आत ओढली, तिची कड मऊ केली आणि आतला भाग पुसून टाकला. उरली ती नुसती किनार. ती फिकी करून वर ठेवली आणि चित्र एकदम ओलं दिसू लागलं. (फोटोशॉपच्या ब्रशमध्ये यासाठी वेट एजेस असा तयार पर्याय आहे.) मात्र किनार सगळीकडे सारखी ठेवली तर ती खोटी वाटते. आकाश आणि झाडं जिथे ओल्यावर ओली भेटतात तिथे ती हाताने पुसावी लागली. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

एक गोष्ट काही केल्या जमेना. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की तो रंगाला बाहेर ढकलतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड उमटते. भाचीला तळ्याच्या पाण्यात ती हवीच होती. ब्रशने काढून पाहिली, गुळगुळीत आली. शेवटी कपाटातून माझे जुने रंग आणि जाड हँडमेड कागद काढला. दुपारी प्रयत्न केला तर थेंब टाकण्याआधीच रंग वाळून कोरडा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, गच्चीत बसून तिने सात थेंब टाकले. सातही डाग स्कॅन केले, करडे केले. त्यातला चौथा आता तिच्या तळ्यात आहे, मंदिराच्या प्रतिबिंबाच्या जरा डावीकडे.