मोडफ्लो ६ चं तयार पॅकेज : काय देतो, कसं बांधतो

भूजलाचं मॉडेल करणाऱ्यांना मोडफ्लोची ओळख करून द्यायला नको. जमिनीखालच्या पाण्याची पातळी आणि प्रवाह यांचं गणित करणारा, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा हा फोर्ट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम १९८४ पासून चालत आला आहे. २०१७ मध्ये त्याचं मोडफ्लो ६ हे नवं रूप आलं. तो सर्वांना मोफत आहे, त्यामुळे ग्राहकांचा पहिला प्रश्न रास्तच असतो : मग तुम्ही पैसे कशाचे घेता?

प्रोग्रामचे घेत नाही. बांधणी (म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं), तपासणी आणि जुन्या आवृत्त्यांची जपणूक, या तीन कामांचे घेतो. तुम्ही एकटे विंडोजवर काम करत असाल, तर खात्याने दिलेली झिप उतरवून घ्या आणि काम सुरू करा; तुम्हाला आमची गरज नाही. विभागात वीस संगणक आहेत, दोघं मॅकवर आहेत, सर्व्हर लिनक्सचा आहे आणि सगळ्यांकडे एकच मॉडेल फिरतंय, अशा ठिकाणी आमचं पॅकेज कामाला येतं.

एका संगणकावर चालतो, दुसऱ्यावर का अडतो?

कम्पायलर फोर्ट्रानच्या ओळींचं रूपांतर प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत करतो. पण तयार झालेल्या फाइलमध्ये सगळंच सामावलेलं नसतं. गणिती फंक्शनं, फाइल वाचणं-लिहिणं अशा कामांसाठी ती संगणकावरच्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे आधीच तयार असलेल्या कोडच्या संचांवर, विसंबते. जीसीसी या मोफत कम्पायलर-संचातल्या जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कम्पायलरची लायब्ररीच घ्या. जीसीसी ६ पर्यंत तिचा क्रमांक ३ होता, ७ ला ४ झाला, ८ पासून ५ आहे. सहकाऱ्याकडून नुसती एक फाइल पेन ड्राइव्हवर आणली आणि तुमच्याकडे वेगळ्या क्रमांकाची लायब्ररी असली, की 'लायब्ररी सापडत नाही' एवढं सांगून प्रोग्राम थांबतो.

लिनक्सवर जीलिबसीची, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या मूळ लायब्ररीची, अडचण याहून चिवट. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो. उलट चालेलच याची खात्री नसते. लिनक्सच्या उबुंटू २२.०४ या आवृत्तीत जीलिबसी २.३५ आहे, सेंटओएस ७ मध्ये २.१७. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, तरी अशी यंत्रं आम्हाला लॅबमध्ये अजून भेटतात. म्हणून आम्ही लिनक्सची बांधणी २.१७ धरूनच करतो.

पॅकेज कॉन्डाचं आहे; कॉन्डा म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या एकत्र बसवणारं साधन. लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रोग्रामच्या शेजारीच बसतात आणि प्रोग्राम त्या स्वतःच्या जागेपासून शोधतो, त्यामुळे संगणकावरच्या बाकी गोष्टींना धक्का लागत नाही. सोबत फ्लोपायही (पायथनमधून मोडफ्लोची मॉडेलं तयार करायचं साधन) येतं, मोडफ्लो ६ शी जुळवून पाहिलेल्या आवृत्तीत.

उत्तराच्या शेवटच्या अंकांची गोष्ट

इथे आम्ही सर्वात जास्त वेळ घालवतो, आणि ग्राहकांनीही हे समजून घ्यावं असं मनापासून वाटतं.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा आहे. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात असतं आणि मे महिन्यात तो थर जागोजागी कोरडा पडतो. मॉडेलमध्येही तेच होतं. तिथे जमीन छोट्या खणांत, म्हणजे सेलांत, विभागलेली असते. न्यूटनचा पर्याय (सेल बाजूला न काढता गणित चालू ठेवणारी पद्धत) सुरू नसेल, तर गणिताने काढलेली पाण्याची पातळी सेलच्या तळाखाली गेली की मोडफ्लो तो सेल कोरडा ठरवून बाजूला काढतो. आता पातळी तळाच्या अगदी काठावर असेल तर? एका संगणकावर सेल ओला राहतो, दुसऱ्यावर कोरडा पडतो, आणि शेजारच्या सेलांचं गणितही बदलतं.

एवढा फरक पडायला क्षुल्लक कारण पुरतं. अ‍ॅपलचे नवे प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एका दमात करून एकदाच राउंडिंग (उत्तराचे शेवटचे अंक जवळच्या अंकावर आणणं) करू शकतात; साध्या, जुन्या इंटेल सूचनांत ते दोनदा होतं. म्हणून ही जोडणी आम्ही कम्पायलरला बंद करायला सांगतो. वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारे पर्याय वापरत नाही. बांधणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरपुरती खास बांधणीही करत नाही, कारण ती जुन्या प्रोसेसरवर सुरू होताच कोसळू शकते. याने गती थोडी कमी होते. आमच्या मते ती किंमत देण्याजोगी आहे.

एवढं करूनही शेवटच्या अंकांत फरक राहू शकतो. म्हणून प्रत्येक बांधणीनंतर खात्याची उदाहरण-मॉडेलं तिन्ही प्रणालींवर चालवून पातळ्या ताडून पाहतो आणि त्याचा तक्ता पॅकेजसोबत देतो. तुमचं मॉडेल काठावरचं असेल, तर आधी न्यूटनचा पर्याय वापरून पाहा. तो दुखण्याच्या मुळाशी जातो. आमची बांधणी फक्त लक्षणं कमी करते.

बसवताना

इंटरनेट नसलेल्या लॅबसाठी सगळं एका ड्राइव्हवर देतो, प्रत्येक फाइलच्या चेकसमसह, म्हणजे फाइल बिघडली तर ओळखू येईल अशा खूण-आकड्यासह. तो ताडून पाहायचा कंटाळा करू नका. कॉन्डा बसवण्यासाठी आम्ही मिनिफोर्ज हा मोफत संच वापरतो, कारण अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनलला (जिथून पॅकेजं उतरतात त्या साठ्याला) मोठ्या संस्थांसाठी शुल्काच्या अटी आहेत. विंडोजवर बसवण्याचं फोल्डर साध्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नावाच्या फोल्डरमुळे अडलेली बरीच कामं आम्ही सोडवली आहेत.

मागणी नोंदवताना प्रत्येक संगणकाची प्रणाली, तिची आवृत्ती आणि प्रोसेसर कळवा. समांतर गणना (एकच मॉडेल अनेक प्रोसेसरांवर वाटून चालवणं) हवी असेल तर आधीच सांगा, कारण त्या बांधणीला पेट्सी (समीकरणं सोडवणारी लायब्ररी) आणि एमपीआय (प्रोसेसरांमधली देवाणघेवाण सांभाळणारी यंत्रणा) लागतात आणि सर्व्हरवरच्या एमपीआयशी जुळवून घ्यायला वेळ जातो.

दिलेलं प्रत्येक पॅकेज त्याच्या मूळ कोडसह आणि बांधणीच्या कृतीसह आम्ही जपून ठेवतो. जुन्या अहवालावर कोणी प्रश्न विचारला, तर अहवालात नोंदवलेला पॅकेज क्रमांक कळवा. तेच पॅकेज पुन्हा पाठवू.