कामगार-सुविधा, इंदूरच्या गिरण्यांतील

कारखान्यात राबणाऱ्यांना कामाच्या जागी पिण्याचे पाणी, शौचालये, पुरेशी हवा व उजेड, बसण्या-जेवण्याची सोय, प्रथमोपचार, पाळणाघर, उपाहारगृह इ. पुरवण्याची मालकावरील जबाबदारी आणि तीतून उभ्या राहिलेल्या व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः इंदूर (मध्य प्रदेश) येथील कापड गिरण्यांच्या अनुषंगाने केला आहे.

संज्ञेची व्याप्ती अभ्यासकांनी एकसारखी मानलेली नाही. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील श्रम-अन्वेषण समितीने (१९४४–४६) कायद्याने घालून दिलेल्या किंवा नोकरीच्या करारातून सहज अपेक्षित असलेल्या गोष्टींपलीकडे कामगारांच्या शारीरिक, बौद्धिक, नैतिक व आर्थिक उन्नतीसाठी जे केले जाते, त्याला ‘कल्याण’ म्हटले. ही व्याख्या काटेकोर घेतली, तर कायद्याने सक्तीची झालेली प्रत्येक सोय कल्याणाच्या यादीतून गळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५६ च्या शिफारशीत भोजन, विश्रांती, करमणूक व ने-आण यांवर भर आहे. भारताच्या कारखाना अधिनियमाची (१९४८) विभागणी आणखी वेगळी आहे. त्यात पिण्याचे पाणी, शौचालये व हवा ‘आरोग्य’ या प्रकरणात येतात, तर हातपाय धुण्याची जागा, बसण्याची सोय, उपाहारगृह व शिशुगृह ‘कल्याण’ या प्रकरणात येतात. पाणी पिणे आरोग्यात आणि त्याच नळावर हात धुणे कल्याणात, ही वाटणी तर्काला फारशी धरून नाही. तरीही निरीक्षकांचे अहवाल तिच्याप्रमाणेच लिहिले जात असल्याने पुढील विवेचनात तीच स्वीकारली आहे.

आरंभाचा प्रश्न : इंदुरात या सुविधांची सुरुवात कोणी व केव्हा केली, याविषयी चार मते आढळतात. पहिले मत दरबारी गिरणीला अग्रमान देते. तुकोजीराव होळकर दुसरे (कार. १८४४–८६) यांच्या काळात संस्थानच्या मालकीची ‘स्टेट मिल’ उभी राहिली. तिचे वर्ष कोठे १८६६, कोठे १८६७, तर कोठे १८७० किंवा १८७१ असे दिले जाते. बांधकामाचा प्रारंभ आणि प्रत्यक्ष सूत निघू लागणे या दोन घटनांच्या सरमिसळीतून हा फरक पडला असावा. इंदूरपर्यंत लोहमार्ग पोचण्यापूर्वीची ही गोष्ट असल्याने यंत्रसामग्री घाटरस्त्याने हत्तींकडून ओढून आणली, ही हकीकत बहुतेक लेखक सांगतात. मात्र गिरणी राजाची म्हणून कामगारांची काळजीही राजाने घेतली, असे अनुमान त्यावरून निघत नाही. त्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातही कारखान्यांचा कायदा नव्हता. पहिला कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता, सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि प्रौढांविषयी जवळपास मौन पाळले. शिवाय हे कायदे संस्थानांना लागू नव्हते. संस्थानी मुलखात गिरणी काढण्याचे जे फायदे सांगितले जात, त्यांत ही मोकळीकही धरली पाहिजे.

दुसरे मत पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराकडे बोट दाखवते. होळकर दरबारासाठी त्याने तयार केलेला इंदूरचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या धर्तीच्या चाळी बांधण्याऐवजी कामगारांना अंगण व झाडे असलेली लहान घरे द्यावीत, असा त्याचा आग्रह होता. या अहवालाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्याचा भर वस्तीवर होता, खात्याच्या चार भिंतींच्या आत काय असावे यावर नव्हे. तिसरे मत सर हुकुमचंद (१८७४–१९५९) व त्यांच्या बरोबरीच्या गिरणीमालकांच्या दानशूरपणाला श्रेय देते. मालवा मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व हुकुमचंद मिल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निघाली. राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी इ. गिरण्या साधारणतः त्यानंतरच्या. चौथ्या मतानुसार सोयी ‘मिळाल्या’ नाहीत, मागून घेतल्या गेल्या. अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार-संघटनेच्या (स्था. १९२०) वळणावर चाललेला इंदूर मिल मजदूर संघ, त्याचे मराठीभाषक नेते व पुढे श्रममंत्री झालेले व्यं. वि. द्रविड, तसेच डाव्या चळवळीतून आलेले व १९६२ मध्ये इंदूरहून लोकसभेवर निवडून गेलेले होमी दाजी या दोन परस्परविरोधी प्रवाहांनी मिळून ही मागणी जिवंत ठेवली, असे हे मत मांडणारे म्हणतात. दानशूरपणाची आठवण धर्मशाळा, मंदिरे व रुग्णालये यांच्या शिलालेखांवर राहते, तर मुताऱ्यांच्या संख्येवरून झालेला तंटा कागदपत्रांत राहतो. पुराव्याचे स्वरूपच असे असल्याने चौथे मत अधिक ग्राह्य वाटते.

कारखाना अधिनियम १ एप्रिल १९४९ रोजी अमलात आला. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९४८ मध्ये, होळकर व शिंदे यांची संस्थाने इतर लहान संस्थानांसह मध्य भारत या राज्यात विलीन झाली होती. १९५६ मध्ये मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. राजधानी भोपाळला गेली, तरी श्रमायुक्तांचे मुख्यालय व औद्योगिक न्यायालय इंदुरातच राहिले.

हवा, उष्णता व दमटपणा : गिरणीतील सुविधांचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच. कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होऊन वारंवार तुटतो. मुंबईला समुद्राची आयती दमट हवा मिळते. माळव्याच्या पठारावर, विशेषतः फाल्गुनापासून मृगापर्यंत, ती मिळत नाही. म्हणून विणाईखात्यात व रिंगखात्यात (सूतकताईच्या खात्यात) कृत्रिम रीतीने ओलावा सोडावा लागे. जुन्या पद्धतीत थेट वाफ सोडत, पुढे पाण्याचे तुषार उडवणारी यंत्रे आली. धाग्याला जे मानवते ते माणसाला मानवत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि तेवढ्याच तापमानाला अंगाची तलखी कितीतरी वाढते. कामगार खिडक्या उघडू पाहत आणि जॉबर (खात्यातील मुकादम) त्या लावून घेई, या नेहमीच्या कुरबुरीचे मूळ येथे आहे.

अधिनियमाच्या १५ व्या कलमाने यावर बंधने घातली. ओलावा करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा शुद्ध केलेले असले पाहिजे. राज्यांच्या नियमांत सर्वसाधारणपणे असे आढळते, की खोलीतील कोरड्या तापमापकावर ८५ अंश फॅरेनहाइटच्या (सु. २९.४ अंश से.) वर पारा गेला, की वाफ सोडता येत नाही, आणि ओल्या तापमापकाचा आकडा तक्त्यात दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की कोणत्याच रीतीने ओलावा करता येत नाही. त्यासाठी खात्यात तापमापकांच्या जोड्या टांगतात. जोडीतील एकाच्या गोळ्यावर मलमलीची चिंधी गुंडाळून तिची वात खालच्या पाण्याच्या भांड्यात सोडलेली असते. दोन्ही आकडे दिवसातून ठरलेल्या तीन वेळी वाचून तक्त्यावर लिहायचे आणि तक्ता कामगारांना दिसेल असा लावायचा. भांड्यातले पाणी आटले किंवा चिंधी मळून कडक झाली, की ओला तापमापक खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो, म्हणजे हवा आहे त्याहून दमट भासते आणि यंत्रे लवकर बंद करावी लागतात. ही चूक कामगाराच्या फायद्याची असल्याने वात ओली ठेवण्याविषयी व्यवस्थापन सहसा दक्ष असे.

कापसाच्या बारीक तुसामुळे होणारा श्वसनविकार (बिसिनोसिस) मात्र ओलाव्याने टळत नाही. सुटीनंतर कामावर रुजू झाल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे आरंभीचे लक्षण. पिंजणखात्यात व कार्डिंगमध्ये (कापसाचे तंतू विंचरण्याच्या खात्यात) त्याचा त्रास सर्वाधिक असतो. त्यावर धूळ शोषून घेणारी यंत्रे हाच उपाय मानला जातो.

जागेचे गणित : दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा असावी, मात्र अधिनियम अमलात येण्यापूर्वीच्या कारखान्यांत ९.९ घनमीटर चालेल, असे १६ वे कलम सांगे. मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची पोकळी धरायची नाही. छप्पर कितीही उंच असले, तरी नव्या कारखान्यात माणशी सु. ३.४ चौ. मीटर व जुन्यात सु. २.४ चौ. मीटर जमीन एवढाच त्याचा अर्थ. इंदूरच्या नावाजलेल्या गिरण्या सगळ्या जुन्या; त्यामुळे त्यांना कमी जागेची सवलत मिळत राहिली, आणि त्या जमिनीवर माणसाबरोबर मागही उभा होता.

पाणी व स्वच्छता : पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना कळेल अशा भाषेत ठळक लिहिलेली, शौचालय, मुतारी, पिकदाणी वा सांडपाण्यापासून निदान सहा मीटर दूर, आणि अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात पाणी थंड, अशा अटी होत्या. मजुरांत हिंदी, मराठी, माळवी असे सगळेच बोलणारे असल्याने आणि वाचता येणारे बेताचेच असल्याने पाटीपेक्षा माठाची जागाच अधिक ओळखीची असे. पिकदाण्यांची तरतूदही सक्तीची असून इतरत्र थुंकणाऱ्यास पाच रुपयांपर्यंत दंड होता. पान-तंबाखूच्या या शहरात तो दंड काटेकोर वसूल केला असता, तर त्यातून एखादे उपाहारगृह सहज चालले असते.

उपाहारगृह, विश्रांतिगृह व शिशुगृह : अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह, दीडशेहून अधिक असतील तेथे विश्रांतीची व डबा खाण्याची खोली, दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, पाचशेहून अधिक असतील तेथे रुग्णवाहिका-कक्ष आणि पाचशे किंवा अधिक असतील तेथे कल्याण अधिकारी, असे टप्पे कायद्याने ठरवले. उपाहारगृह नफ्यावर चालवायचे नसून त्याच्या देखरेख-समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असतात. १९८७ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक खर्च पदार्थांच्या किमतीत न धरता मालकाने सोसण्याची तरतूद झाली.

शिशुगृहाची सक्ती आधी पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना होती; १९७६ पासून ती तीसहून अधिक स्त्रिया असल्यास लागू झाली. सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वच्छ, हवेशीर खोली, प्रशिक्षित बाई, दूध व कपडे धुण्याची सोय, तसेच अंगावर पाजण्यासाठी आईला कामातून सुटी या त्यातील मुख्य गोष्टी. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवतात, याची दखल शाही श्रम आयोगाने (१९३१) घेतली होती. अफूच्या पेठेसाठीच प्रसिद्ध असलेल्या माळव्याला ही गोळी अपरिचित नव्हती. गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः कांडीखात्यात (सूत कांड्यांवर गुंडाळण्याच्या खात्यात) असत. ती कामे यंत्रावर गेली तशी त्यांची संख्या घटली आणि तिच्याबरोबर पाळणेही घटले.

फाटकाबाहेरील सोयी : कर्मचारी राज्य विमा योजना इंदुरात १९५० च्या दशकात आली. नंदानगरातील तिचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘बीमा हॉस्पिटल’च आहे. नंदानगर ही कामगार-वसाहत गुलझारीलाल नंदा यांच्या नावाने ओळखली जाते. परदेशीपुरा, पाटणीपुरा व मालवा मिल परिसर या तिच्या शेजारच्या कामगारवस्त्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) याही कामगार-जीवनाचाच भाग. कामगार महिनोन् महिने खपून त्या तयार करीत. कायद्याच्या कोणत्याच कलमात ही सोय बसत नाही. पण निवृत्त कामगारांना गिरणीविषयी विचारले, तर उपाहारगृहाच्या आधी ते झाँकीबद्दल बोलू लागतात. गिरण्या बंद झाल्यावरही झाँक्यांची प्रथा चालू राहिली आहे.

सद्यःस्थिती : हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. तिच्या सु. ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सु. २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आले. इतर गिरण्याही एकेक करून थांबल्या. उद्योग सांवेर रोड, पोलोग्राउंड व धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे सरकला. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियमात आलेल्या धोकादायक प्रक्रियांच्या प्रकरणामुळे पीथमपूरच्या मोठ्या कारखान्यांत सुरक्षा समित्या आवश्यक झाल्या. सांवेर रोडवर मात्र नमकीन, प्लॅस्टिक, औषधे इत्यादींचे लहान कारखाने बहुसंख्य आहेत. वर सांगितलेले अडीचशे व पाचशेचे टप्पे गिरणीच्या आकारावर बेतलेले असल्याने पंधरा-वीस माणसांच्या शेडला ते कधी लागलेच नाहीत.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने हे आकडे बदलले. उपाहारगृहासाठी शंभर, कल्याण अधिकाऱ्यासाठी अडीचशे व विश्रांतिगृहासाठी पन्नास अशी मर्यादा खाली आली. याउलट ‘कारखाना’ ठरण्याची अट विजेवर चालणाऱ्या जागी दहाऐवजी वीस व विजेविना वीसऐवजी चाळीस कामगार अशी वर गेली. दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना संहितेच्या कक्षेत राहते, त्यामुळे पाणी, शौचालये व उजेड यांची जबाबदारी तिलाही चुकत नाही. शिशुगृहाचा निकष स्त्रियांच्या संख्येवरून पन्नासहून अधिक एकूण कामगारांवर आला. केवळ स्त्रिया मोजल्याने मालक त्यांना कामावर घेणेच टाळतात, हा जुना आक्षेप त्यामुळे बराचसा निकाली निघतो. उपाहारगृहासाठीच्या शंभरांत आता कंत्राटी कामगारही धरायचे आहेत. पूर्वी त्यांच्यासाठी १९७० च्या स्वतंत्र अधिनियमाखाली कंत्राटदाराकडील माणसे वेगळी मोजली जात आणि एकाच आवारात तीन-चार कंत्राटदार असले, की कोणाचीच संख्या शंभरावर जात नसे.