चपटा घडीचा चाकू : घेण्याआधी एवढं वाचा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी जाडजूड चाकूच हातात घेतं. वजनदार आहे म्हणजे टिकाऊ असणार, असा हिशोब. आमचाही तोच होता. माझ्या स्वतःच्या खिशात दीडशे ग्रॅमचा चाकू असायचा. खिसा खाली ओढला जायचा, दुचाकीवर बसलं की मांडीला टोचायचा. आठ दिवसांत तो ड्रॉवरमध्ये गेला आणि पोत्याची सुतळी पुन्हा दातांनी तुटायला लागली.

तेव्हापासून आम्ही चपटे चाकू ठेवतो. मिटल्यावर जाडी जेमतेम 1 सेंटिमीटर, वजन 50 ते 60 ग्रॅम, पातं साधारण 7 सेंटिमीटर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी निमूट राहतो. पार्सलची चिकटपट्टी असो की दुधाची पिशवी, हात आपोआप तिकडे जातो. दिंडोरी-निफाडकडचे बागाईतदार ठिबकची 16 मिलिमीटरची नळी यानेच कापतात.

खरी करामत पात्याच्या जाडीत आहे. घरी एक ताजं गाजर घेऊन बघा. 4 मिलिमीटर जाडीचं पातं अर्ध्यापर्यंत जातं आणि गाजर कडकन फुटतं, कारण धार कितीही चांगली असली तरी मागचा जाड भाग पाचरीसारखा घुसतो. 2 मिलिमीटरचं पातं आवाज न करता खाली उतरतं; काप ओला, गुळगुळीत निघतो. फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये केलेला शेतकऱ्यांचा लाकडी मुठीचा चाकू आजही बनतो, तो याच पातळ पात्यामुळे. त्याचं 8 नंबरचं मॉडेल 50 ग्रॅमसुद्धा भरत नाही.

पातळ पात्याला एक गोष्ट मात्र सोसत नाही : उचकटणं. रंगाच्या डब्याचं झाकण, खिळा, स्क्रू यांच्या वाटेला जाऊ नका. टोक मोडलं की घासून नवं काढता येतं, पण पातं तेवढं आखूड होतं.

पोलाद कुठलं घ्यायचं, हे सगळेच विचारतात. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण लिंबू किंवा कांदा कापून तसंच ठेवलं की ते काळं पडतं, पावसाळ्यात गंजतं. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते तग धरतं. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर आमचा सल्ला स्टेनलेसचाच. पुसून ठेवायची सवय असेल तर कार्बन जरूर घ्या. ते वापरण्याचं सुख वेगळंच आहे.

लॉक दुकानातच तपासा. पातं पूर्ण उघडल्यावर टक् असा आवाज यायला हवा. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर, म्हणजे धार नसलेल्या कडेवर, हलका दाब द्या. जरासुद्धा हललं तर तो चाकू परत ठेवा, आम्ही दुसरा काढू. काही चाकूंना लॉक नसतं, नुसती स्प्रिंग असते. ते फळं चिरायला ठीक, जोर लावायच्या कामाला नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आमचे चाकू या मापाच्या कितीतरी आत आहेत. तरी विमानात हाताच्या सामानात चाकू चालत नाही, आणि पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना किंवा गर्दीच्या ठिकाणी जाताना तो घरीच ठेवावा. सिंहस्थाच्या दिवसांत हे विशेष लक्षात असू द्या. बटण दाबून उघडणारे खटक्याचे चाकू आम्ही विकत नाही, कृपया मागू नका. लहान मुलांनाही चाकू देत नाही.

धार घरी लावायची असेल तर दगड पाण्याने भिजवा. पातं 18 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 6 मिलिमीटर वर धरा, दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढा, दाब हलका. सांध्यात महिन्यातून एकदा खोबरेल नको, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल थंडीत थिजतं.

जमत नसेल तर आमच्याकडे आणा. बुधवारी नाशिकला गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजाराला येताना चाकू देऊन जा, भाजी घेऊन परत याल तोवर धार लावून ठेवतो. आमच्याकडून घेतलेल्या चाकूला पहिल्या वर्षी धारेचे पैसे घेत नाही.