गाठीतला ऑक्सिजन मोजणारा उजेड

नागपुरात पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून दिवस काढणारे कमी नाहीत. त्यातून तोंडाचा कॅन्सर झाला की अनेकांच्या वाट्याला ऑपरेशन आणि मग शेक, म्हणजे रेडिएशन येतं. शेक सुरू असताना डॉक्टर हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतात ते उगाच नाही. रेडिएशनने पेशीच्या डीएनएला झालेली इजा ऑक्सिजन हजर असेल तर पक्की होते. नसेल तर बरीचशी भरून निघते. ऑक्सिजनवाचून राहिलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते.

गाठ भराभर वाढते, तिच्या रक्तवाहिन्या मात्र वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. वाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरातच पेशी सगळा ऑक्सिजन संपवतात. थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून हे दाखवलं. पण जिवंत गाठीत कुठला भाग उपाशी आहे, हे बघायचं कसं? सुई टोचली तर त्या एका जागेपुरतंच कळतं.

अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ कॅसँड्रा फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली यासाठी चमकणारे नॅनोकण वापरले. हे कण पॉलिलॅक्टिक आम्लाचे, जखमेच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीतले. त्यात बोरॉनचं रंगद्रव्य गुंफलेलं. त्यांच्यावर प्रकाश टाकला की दोन उजेड बाहेर पडतात. पहिला, प्रतिदीप्ती, काही नॅनोसेकंदांत संपतो. दुसरा, स्फुरदीप्ती, त्या मानाने खूप रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला तर ऊर्जा पळवतो. म्हणून ऑक्सिजन भरपूर असेल तिथे दुसरा उजेड विझतो, कमी असेल तिथे टिकतो.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती दोन्ही उजेडांचं गुणोत्तर. कण कुठे दाट साचले, कुठे विरळ, याने ते फारसं बदलत नाही, कारण कण दाट तिथे दोन्ही उजेड सारखेच वाढतात. उंदराच्या कातडीत बसवलेल्या काचेच्या खिडकीतून गाठीचा असा नकाशा त्यांनी प्रत्यक्ष काढला.

अडचण खोलीची आहे. या कणांवर टाकायचा निळा उजेड शरीरात जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. खोलवरच्या गाठींसाठी अवरक्ताजवळच्या (निअर इन्फ्रारेड), जास्त खोल शिरणाऱ्या प्रकाशात चमकणारी रंगद्रव्यं हवीत. शिवाय माणसाच्या अंगात हे कण सोडण्याआधी सुरक्षिततेच्या चाचण्या आल्याच. गालाच्या आतली गाठ मात्र टॉर्च मारली की दिसते. माझ्या मते, माणसावरच्या वापराची सुरुवात तिथून व्हावी. उपाशी भाग आधी कळला, तर तेवढ्याच भागाला मात्रा वाढवून देणं आजच्या रेडिएशन यंत्रांना जमतं.