बांगडी भट्टीत का टाकायची नाही

शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी मुलांनी चित्रकाराबरोबर काचेचा पट करायचं ठरलं, की एक सूचना हमखास येते: जुन्या वर्गाच्या खिडकीची काच, माजी विद्यार्थिनींच्या बांगड्या, सगळं एकत्र वितळवू. कल्पना गोड आहे, पण भट्टी ती मानत नाही.

तापल्यावर प्रत्येक काच सारखी वाढत नाही. एका अंशाला लांबीचे किती कोटीवे भाग वाढ होते हे मोजलं, तर फ्यूजिंगची, म्हणजे भट्टीत एकमेकांत वितळवण्यासाठी बनवलेली, काच 90 किंवा 96 भरते आणि खिडकीची साधी फ्लोट काच साधारण 85. निवताना काच 500 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते. तिथून खाली येताना 20 सेंटिमीटरच्या तुकड्यात 96 आणि 85 यांच्या आकुंचनात सुमारे 0.1 मिलिमीटर फरक पडतो. तेवढ्यावर पट तडकतो. कधी भट्टीतच, तर कधी अनावरण होऊन महिना उलटल्यावर. बांगडीचा आकडा तर तिच्या डब्यावर लिहिलेलाच नसतो.

शंका असेल तर फ्यूजिंगच्या पारदर्शक काचेच्या पट्टीवर तो तुकडा वितळवून, पट्टी काटकोनात धरलेल्या दोन पोलरॉइड फिल्मांमध्ये ठेवावी आणि मागे दिवा लावावा. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं, तर आत ताण आहे. बारावीच्या पुस्तकातलं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेतलं कंपन, इथे कामाला येतं, म्हणून ही चाचणी मुलांनीच करावी.

3 बाय 4 फुटांचा पट एकसंध करू नये. 30 सेंटिमीटरच्या 12 फरशा कराव्यात. प्रत्येकीत 3 मिलिमीटरचे दोन थर, वजन सव्वा किलोच्या वर. एकच थर घेतला तर पृष्ठताणामुळे वितळलेली काच 6 मिलिमीटर जाडीकडे ओढली जाते, कडा आत येतात. सांधे कुठून जातील हे चित्रकाराने मूळ आकाराच्या कागदावर आधीच आखावं. मुलांनी काढलेले चेहरे सांध्यावर येता कामा नयेत.

कटरने रेघ एकदाच ओढायची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. दुसऱ्यांदा फिरवली की चीर भरकटते आणि चाकही बोथटतं. आत वळणारा काटकोन कापायला जाऊ नये, चीर कोपऱ्यातून सरळ पुढे धावते. डोळ्यांवर गॉगल हवाच. घासकाम पाणी सोडूनच करायचं, कोरडी धूळ छातीत जाते.

96 च्या काचेसाठी तासाला 150 अंशांनी 670 पर्यंत चढावं. तिथे अर्धा तास थांबलं की थरांमधली हवा निघते, नाहीतर बुडबुडे राहतात. मग भरभर 790 अंशांवर जाऊन 10 मिनिटं. परतताना 760 ते 700 हा टप्पा रेंगाळू न देता ओलांडावा. तिथे पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि काच धुरकट होते. आतला ताण निघावा म्हणून 510 वर एक तास, पुढे 370 पर्यंत तासाला 80 अंश, मग भट्टी बंद. झाकण दुसऱ्या दिवशीच उघडावं. उत्साही पालकांना इथेच आवरावं लागतं.

मग जुन्या खिडकीचं काय? बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या दरबार हॉलच्या रंगीत खिडक्यांचा मार्ग घ्यावा. तिथे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत वेगवेगळे बसवलेले आहेत, एकमेकांत वितळवलेले नाहीत, त्यामुळे काचा जुळण्याचा प्रश्नच येत नाही. शाळेत शिसं नको. तांब्याची फॉइल आणि शिसेविरहित डाख वापरावा, डाखकाम मोठ्यांनी करावं. बांगड्या पटाच्या कडेला इपॉक्सीने चिकटवाव्यात. चौकट आणि फरशी यांच्यात 3 मिलिमीटरची फट सोडून तिथे न्यूट्रल (आम्ल न सोडणारा) सिलिकॉन भरावा, कारण मे महिन्यात धातूची चौकट काचेपेक्षा जास्त वाढते.